कडी नसलेलं दार

सास्तूरहून माझी बदली झाली त्याला आता दुसरं वर्ष लागलंय, पण अजूनही रोज दिवस मावळला की माझ्या फोनवर एक ओळ येते: मावशीचा दिवा चालू झाला आहे. त्या वेळी मी मुरूमच्या बाजारात मेथीची जुडी निवडत असते, नाहीतर शाळेच्या बैठकीत जांभई दाबत असते, नाहीतर एसटीच्या खिडकीशी बसून हरभऱ्याची शेतं मागं जाताना बघत असते. ओळ येते, आणि दोन बस पलीकडच्या एका घरात एक पिवळा दिवा हळूहळू उजळलेला मला दिसायला लागतो. नव्या शाळेतल्या सहकारी बाई म्हणतात, काढून टाका की ते ॲप, दुसऱ्याच्या घराच्या दिव्याशी तुम्हाला काय करायचंय. मी हो म्हणते आणि काढत नाही.

ते घर माझ्या घरमालकांचं. मी त्यांना मालक म्हणायची, आणि मावशी, म्हणजे त्यांची बायको, त्याही त्यांना मालकच म्हणायच्या. प्रत्यक्षात त्या माणसाइतका बिनमालकीचा माणूस मी पाहिला नाही. अंगणातल्या खुर्चीवर बसतानाही ते आधी खुर्चीला विचारून बसताहेत असं वाटायचं.

मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बाई, तुमच्या फोनात जागा किती हाय?"

मी गोंधळून म्हणाले, "असेल की बरीच."

"मग खोली तुमची. माझ्या फोनात आता मुंगी बी मावत न्हाय."

पुढं कळलं की त्यांनी घराला शिकवायला घेतलंय आणि त्यासाठी त्यांना आणखी एक फोन हवा होता. झेडपीच्या शाळेतली बाई भाडेकरू म्हणून मिळाली याचा आनंद त्यांना दुहेरी होता. एक तर फोन मिळाला, आणि वर शिकवणारी मिळाली.

उभी हयात त्यांनी गावाला पाणी सोडलं होतं. ग्रामपंचायतीची मोटर चालू करायची, टाकी भरायची, मग हातभर लांब लोखंडी पाना घेऊन गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह उघडायचे नि बंद करायचे. निवृत्त झाले तरी उजवं मनगट कामावरच होतं. बोलता बोलता ते मनगट थोडं फिरवायचे, जणू हवेतला कुठला तरी व्हॉल्व्ह आवळायचा राहिलाय. कुणाच्या घरी गेले तर आधी गळका नळ शोधून बंद करायचे आणि मग रामराम. पाना मात्र घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये खुंटीला टांगलेला असायचा.

त्या शेडबद्दल सांगायलाच हवं. भूकंपानंतर गाव नव्या जागेवर वसलं आणि सरकारनं ओळीनं दोन-दोन खोल्यांची पक्की घरं बांधून दिली. घरं मजबूत होती, पण माणसं नव्हती. छत डोक्यावर आलं की छातीत धडधड व्हायची, मग लोकांनी घरापुढं पत्रे टाकले आणि धान्य आत, माणसं बाहेर असा संसार सुरू केला. हळूहळू बहुतेक जण आत गेले. मालक आणि मावशी गेले नाहीत. शेडमध्ये दोन खाटा, मधे पाण्याची कळशी, उशाशी चपला. तीस वर्षांत दोघांनी एकही रात्र आत काढलेली नव्हती. शेजारपाजारचे सांगायचे, म्हातारी भेदरलीय, आणि तिच्यापायी मालकही बाहेर. मीही तसंच समजून चालले होते.

या सगळ्या वेडाची सुरुवात मोटरीपासून झाली. ओढ्याकडच्या शेतात त्यांची बोअर होती आणि तिला मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवलेला होता. आपल्याकडं आता ते नवं राहिलेलं नाही. फोन लावायचा, पलीकडून मोटर चालू झाल्याचं सांगतात, आणि अर्ध्या कोसावर पाणी धो धो पडायला लागतं. पण मालक रोज तो फोन लावताना उभे राहायचे. बसून लावलेला मी कधी पाहिला नाही. मोटर चालू झाली की फोन कानापासून काढून त्याच्याकडं बघत राहायचे आणि म्हणायचे, "तवा ह्ये असतं तर."

पुढचं वाक्य कधी यायचं नाही. म्हातारी माणसं असं म्हणतातच, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही.

"मोटर अर्ध्या कोसावरनं ऐकती," ते म्हणायचे, "तर घरातला दिवा का ऐकू नये? तो तर हाताच्या अंतरावर हाय."

म्हणून एक दिवस ते नळदुर्गवरून सोलापूरला गेले आणि एकच बल्ब घेऊन आले. एसटीत तो मांडीवर धरून आणला, लेकुरवाळीनं मूल आणावं तसा. बल्ब फोनला जोडायचा तर आधी तो डोळे मिचकावायला हवा, मग फोननं त्याला शोधायला हवं, मग दोघांनी मिळून वायफायचा पासवर्ड ओळखायला हवा. आमचा बल्ब तीन दिवस नुसता मिचकावत राहिला. मी चिडले. चिडणं हा माझा जन्मजात गुण आहे, वर्गातल्या पोरांना विचारा. मालक मात्र स्टुलावर शांत बसून त्याच्याकडं बघत. म्हणाले, "तुमी पहिलीच्या पोराला तिसऱ्या दिवशी बाराखडी इचारताव का? बुजलंय ते. नव्या घरात आलंय."

चौथ्या दिवशी बल्ब लागला. दोष राउटरच्या एका सेटिंगचा होता, पण मालकांच्या मते त्याची भीड चेपली होती.

रंगावरून आमचे आठ दिवस गेले. त्या बल्बात म्हणे लाखभर रंग होते. मालकांना एकच हवा होता. दिवस बुडून गेलाय पण ज्वारीच्या कणसावर अजून थोडं ऊन राहिलंय, तो. मी बोटानं रंग सरकवायची आणि ते डोळे बारीक करून म्हणायचे, "अजून थोडं वाळू द्या." एका संध्याकाळी तो रंग सापडला. शेड, कळशी, खाटा, मावशींच्या हातातलं सूप, सगळं त्या रंगात बुडून गेलं. मलाही वाटलं, आपण कुठल्या तरी जुन्या दुपारच्या शेवटी येऊन बसलोय आणि ती दुपार आता संपणार नाही. मग लाईट गेली. परत आली तेव्हा बल्ब एकदम पांढराफटक पेटला, कारण लाईट जाऊन आली की त्याला शिकवलेलं सगळं तो विसरायचा. मालक म्हणाले, "झोपेतनं दचकून उठलं बिचारं. परत सांगू."

त्यांनी एक दोनशे पानी वही घातली होती. वर लिहिलं होतं, घराचा अभ्यास. पहिल्या पानावर एकच ओळ: दिवस मावळला की मावशीचा दिवा. ती ओळ घराला महिनाभर बिनचूक जमल्याशिवाय त्यांनी दुसरी ओळ लिहिली नाही. गावातली पोरंटोरं, नोकरदार माणसं त्यांच्याकडं सल्ला मागायला येऊ लागली, कुणाला कॅमेरा हवा, कुणाला पंखा, कुणाला सगळंच. मालक सगळ्यांना सारखंच सांगत. "एका बल्बापासनं धरा. आदी त्येला एक सवय लावा. घराला एकदम सगळं सांगितलं तर घर येडं हुतंय. माणसाचं बी तसंच हाय."

अडचण मावशींची होती. दिवा विझवायचा म्हटलं की त्या भिंतीवरचं बटण दाबत, आणि बटण बंद झालं की हुशार बल्ब नुसता काचेचा गोळा होऊन बसे. मालकांनी बटणावर चिकटपट्टी लावली, मावशींनी ती मसाल्याच्या पुडीला वापरली. मग मालकांनी सगळ्या बटणांवर हळदीकुंकू लावलं. कुंकू लावलेल्या वस्तूला बाईमाणूस उगाच हात लावणार नाही, असा त्यांचा हिशेब. मावशी दुसऱ्या दिवसापासून बटणाला आधी नमस्कार करायच्या आणि मग ते बंद करायच्या.

मग बोलणारा डबा आला. त्याला ते पाहुणी म्हणायचे, कारण विचारलं तेवढंच बोलते, स्वयंपाकघरात डोकावत नाही आणि जेवणाची वाट बघत नाही. कंपनीनं ठेवलेलं नाव घेतल्याशिवाय पाहुणी ऐकत नसे. परक्या बाईला नावानं हाक मारायची म्हणजे मालकांना घाम फुटे. टोपी सारखी करून ते नाव घेत, मागं ताई लावत आणि निजामाच्या काळापासून आमच्याकडं चालत आलेल्या हिंदीत म्हणत, "वो बत्ती जरा मंद करो ना, मावशी को चुभ रही है." पाहुणीला ही हिंदी कशी कळायची कोण जाणे, पण कळायची. मला तर वाटतं ती थोडी लाजायचीही.

मी हे सगळं मजा म्हणून बघत होते. रविवारी मुरूमला गेले की घरच्यांना नकला करून दाखवायची. आज त्याची लाज वाटते.

त्या हिवाळ्यात मावशींचा दमा बळावला. उमरग्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यंदाची थंडी बाहेर झोपून काढलीत तर पुढची बघायला मिळायची नाही. मावशींनी मान डोलावली आणि घरी येऊन शेडमधल्या खाटेवर गोधडी टाकली. मालकांनी वहीतलं एक कोरं पान काढलं आणि त्यावर लिहिलं: दार.

पुढचा महिना तो माणूस दुसरं काही बोलला नाही. आधी सुतार बोलावून घराचं दार उलटं करून घेतलं, म्हणजे ते आत न उघडता बाहेर उघडेल. बाजूनं रंधा मारून बोटभर कमी करून घेतलं. चौकट वाकडी झाली तरी दार अडायला नको म्हणे. बिजागऱ्या जराशा तिरक्या बसवल्या, की धरून ठेवलं नाही तर दार आपलं आपण बाहेर जावं. कड्या, आतली नि बाहेरची, दोन्ही उपटून काढल्या आणि भोकं लांबी, म्हणजे सुताराची पुट्टी, भरून बुजवली. मग मला बरोबर घेऊन सोलापूरला एका दुकानात गेले. त्यांना दार धरून ठेवणारं विजेचं चुंबक हवं होतं.

दुकानदारानं दोन-तीन चांगली कुलपं दाखवली. "लाईट गेली तरी उघडणार नाही, काका. गॅरंटी."

मालक म्हणाले, "मला लाईट गेली की उघडणारं पायजे."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

"अवो, लोकाची घरं चोराला आत यू देत न्हाईत," मालक समजावून सांगू लागले. "माझ्या घरानं माणसाला बाहेर जाऊ द्यायचंय. एवढंच शिकवायचंय त्येला."

चुंबक बसलं, येता-जाता ते सोडायला दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक बटण बसलं. भिंतीवर काड्याच्या पेटीएवढी एक पांढरी डबी बसली. भिंत थरथरली की डबीनं निरोप द्यायचा, निरोप मिळाला की वायफायवर चालणाऱ्या प्लगनं चुंबकाची लाईट तोडायची, एव्हाना घरभर बसवलेले सगळे दिवे पेटवायचे, आणि पाहुणीनं बोलायचं. काय बोलायचं ते मालकांनी मला टाईप करायला लावलं: उठा. दार उघडं आहे. पाहुणी ते हिंदी वळणानं वाचायची. मालकांनी ते वीस वेळा ऐकलं आणि प्रत्येक वेळी मान हलवली.

गावाला करमणूक झाली. दिवसा लाईट गेली की दार उघडायचं आणि शेजारच्या आप्पांची शेळी आत जाऊन पोत्यातली ज्वारी खायची. आप्पा म्हणाले, चोराच्या बापानं बी असं कुलूप केलं नसतं. रस्त्यानं उसाची डबल ट्रॉली गेली की डबी दचकायची, भर दुपारी घरभर दिवे लागायचे आणि पाहुणी रिकाम्या खोलीला उठवायची. मी सांगून थकले की डबीचा हळवेपणा कमी करता येतो, दोन बोटांचं काम आहे. मालक म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या. धा येळा उगं उठवू द्या. एक येळ चुकायला नको."

आणि एवढं होऊन मावशी आत पाऊल टाकीनात. मला त्यांचा राग आला. म्हातारा जीव टाकतोय आणि ही बाई हटून बसलीय. एका दुपारी आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, मालक शेताकडं गेले होते, तेव्हा मी बोललेच. म्हटलं, मावशी, मालकांवर थोडा भरवसा ठेवा की.

मावशींनी चार-पाच शेंगा सोलल्या. मग म्हणाल्या, "भरवसा हाय बाई. तवा लाईट पहाटं तीनला यायची. मोटर चालू कराया ह्येनला रोज जावं लागायचं. माझी झोपमोड नको म्हणून जाताना दार वढून बाहेरनं कडी लावायचे. लेक बी लई वढ्याळ व्हती, अंधारात त्येंच्या मागं पळायची. म्हणून कडी."

मी हात थांबवला.

"त्या दिशी बी लावली. सवयच ती. जिमीन हलली तशी म्या लेकीला उचलून उंबऱ्यापतूर आले. दार वढलं, ढकललं. बाहेरनं कडी." त्यांनी सुपातला पाला बाजूला केला. "मला दुपारी काढलं. लेक सहा वर्साची व्हती."

दूर कुठं तरी ट्रॉली गेली आणि आत पाहुणी बोलली.

"मालकाला वाटतंय आमी झोपेतच सापडलाव. म्या उंबऱ्यापतूर आले व्हते ह्ये त्येनला ठावं न्हाय. म्या कवा सांगितलं न्हाय. जगले नसते ते." मग जरा वेळानं म्हणाल्या, "तुमी बी सांगू नका."

त्या रात्री मला मालकांचं ते अर्धं वाक्य आठवलं. तवा ह्ये असतं तर. मोटर घरातून चालू झाली असती, तर तो माणूस त्या पहाटे बाहेर गेलाच नसता, आणि दाराला कडी लागली नसती. एवढं साधं वाक्य त्यांनी माझ्यासमोर शंभरदा अर्धं सोडलं होतं आणि मी नकला करत होते.

त्यानंतर आठवडाभरानं थंडी वाढली. वारं इतकं बोचरं होतं की दुपारीसुद्धा शेडमध्ये बसवेना. मावशींना खोकल्याची उबळ थांबेना, तेव्हा त्या गोधडी ओढत आत गेल्या, वारं नको म्हणून दार ओढून घेतलं आणि ज्वारीच्या पोत्यांशेजारी आडव्या झाल्या. मालक शेडमध्ये खाटेवर बसून होते, हलले नाहीत. मी माझ्या खोलीच्या दारात वह्या तपासत होते. दोघंही हळू श्वास घेत होतो म्हणा ना.

आणि रस्त्यानं ट्रॉली आली. उसानं गच्च भरलेली, वर गाणी लावलेली. घराचे सगळे दिवे पांढरेशुभ्र पेटले. टिक असा आवाज झाला, दार सुटलं आणि आपलं आपण पुरतं बाहेर आलं. आतून पाहुणी म्हणाली, उठा, दार उघडं आहे.

मालक धावले, पण दारापर्यंत जायच्या आत अंगणातच खाली बसले, टोपी हातात घेतली. "चुकलं," ते म्हणत होते. "लई हळवी हाय डबी. आजच कमी करतो. बाई, कमी करा ती. आता न्हाय जायची ती आत. गेलं सगळं."

मावशी गोधडी पांघरून उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. पलीकडं अंगण, ऊन, आणि खाली बसलेला नवरा. त्यांनी चौकटीवर हात ठेवला, जिथं लांबी भरली होती तिथं. बोटांनी ती जागा चाचपून बघितली. मग त्या मालकांकडं बघून म्हणाल्या, "ह्या खेपी उंबऱ्यापतूर यायच्या आदीच उघडलं."

मालकांनी मान वर केली. ते काय समजले, किती समजले, मला सांगता येणार नाही. मनगट मात्र थांबलं होतं.

"डबीला हात लावू नका," मावशी म्हणाल्या. "हाय तशी ऱ्हाऊ द्या." आणि वळून त्या आत जाऊन झोपल्या. तिन्हीसांजेपर्यंत झोपल्या.

मालकांनी मावशीचा दिवा शेडमधून काढून आत लावला होता; दिवस मावळला तशी माझ्या फोनवर ओळ आली आणि तो उजळू लागला. मालकांनी मावशींची खाट आत नेऊन तिच्यावर अंथरूण घातलं, उशाशी पाणी ठेवलं, चुलीवरचं गरम पाणी पिशवीत भरून दिलं. मग बाहेर आले आणि शेडमधल्या आपल्या खाटेवर बसले. गोधडी ओढून घेतली. मी म्हटलं, मालक, तुम्ही?

"म्या हितं बरा हाय. कुणी तरी बाहेर असावं."

आतून मावशींचा आवाज आला. खोकून बसका झालेला, पण स्वच्छ ऐकू येत होता. "बाहेर कशाला? दाराला कडी न्हाय आता. या आत."

मालकांनी गोधडी गुंडाळून काखेत घेतली. मग उठले, उशाशी ठेवलेल्या चपला उचलल्या, दारापर्यंत गेले आणि तिथं बाहेरच काढून ठेवल्या. आत जाऊन त्यांनी दार हातानं ओढून घेतलं. चुंबकाचा टिक असा आवाज आला. दाराच्या बोटभर फटीतून तो वाळलेल्या कणसाचा उजेड अंगणातल्या चपलांवर पडला होता. माझ्या हातातल्या फोनवर दुसरी ओळ आली: दार बंद झालं आहे. मी ती वाचली आणि वह्या घेऊन माझ्या खोलीत गेले.